एक टॅप, दोन ऑर्डरी: मोबाइल वेबवर बोट टेकल्यावर नेमकं काय होतं?

(हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लेखी मजकूर आहे. बोलताना येणारे ‘तर’, ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकायला एकदम साधा आहे: फोनवर एखाद्या वेबसाइटचं बटण दाबणं. दिवसातून शेकडो वेळा आपण हे करतो. पण कधी बटण दाबलं जातच नाही, कधी भलतंच काहीतरी उघडतं, आणि कधी एकदा दाबलं तरी काम दोनदा होतं. पैशांचा मामला असेल तर मग पोटात गोळा येतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, रोजचं काम वेब अ‍ॅपचंच. त्यामुळे आज दोन्ही बाजूंनी बोलूया. तुम्ही नुसते वापरणारे असाल तर पडद्यामागे काय चालतं ते कळेल. आणि वेब डेव्हलपमेंट शिकत असाल, तर वही काढा.

एक उदाहरण धरूया

समजा, रविवारी मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात नाटक आहे. घाटकोपरला लोकलमध्ये चढून तुम्ही एका वेबसाइटवर दोन तिकिटं काढताय. एक हात कडीला, दुसऱ्या हातात फोन, म्हणजे सगळा कारभार एका अंगठ्यावर. सीटचा नकाशा उघडलाय, छोटे छोटे चौकोन. डी रांगेतल्या दोन सीट निवडायच्या, खाली ‘पैसे भरा’ दाबायचं. बस. ही वेबसाइट काल्पनिक आहे, पण पुढचं सगळं तिच्यावरच समजून घेऊ.

वेबसाइटच का, अ‍ॅप का नाही? कारण वर्षातून तीन नाटकं बघणारा माणूस त्यासाठी अ‍ॅप उतरवून घेत नाही. मुंबईचंच उदाहरण घ्या. बुकमायशोने आपली मोबाइल वेबसाइट अ‍ॅपसारखी, म्हणजे प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप म्हणून नव्याने बांधली. त्यावर गुगलने केस स्टडी प्रसिद्ध केली. त्यातले आकडे असे: आकार फक्त ४४० केबी, अँड्रॉइड अ‍ॅपच्या ५४ पट लहान, आणि पेज ३ सेकंदांच्या आत लोड. तिकीट खरेदीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त वाढलं. म्हणजे मोबाइल वेबवर खरा धंदा होतो, आणि तो शेवटी एका बोटाच्या टॅपवर येऊन थांबतो.

बोट टेकतं तेव्हा

आपल्या फोनचा स्क्रीन दाब ओळखत नाही, तो विजेतला बदल ओळखतो. काचेखाली अतिशय बारीक वाहक जाळं असतं. बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो, आणि कुठे बदलला ते फोन मोजतो. म्हणूनच पातळ प्लास्टिकच्या पिशवीतूनही टच चालतो, आणि म्हणूनच पावसाळ्यात स्क्रीनवर थेंब पडले की फोनला ते बोटासारखे वाटू शकतात. जुलैमध्ये अंधेरीच्या पुलावर फोन आपोआप काहीबाही उघडायला लागला, तर भुताटकी नाही, पाणी आहे.

फोनने ओळखलेला हा स्पर्श ब्राउझरकडे जातो. ब्राउझर तो वेबपेजला ‘इव्हेंट’ म्हणून कळवतो. इव्हेंट म्हणजे ‘अहो, असं असं घडलंय’ अशी वर्दी. बोट टेकलं की ‘टचस्टार्ट’. सरकलं की ‘टचमूव्ह’, तेही एकदा नाही, सरकत असेपर्यंत पुन्हा पुन्हा. उचललं की ‘टचएंड’. आणि मध्येच काही विघ्न आलं, समजा ब्राउझरने ‘हे तर स्क्रोल आहे’ म्हणून सूत्रं हातात घेतली, तर ‘टचकॅन्सल’.

गोष्ट इथे संपत नाही. वेब जन्माला आलं तेव्हा लोकांच्या हातात टचस्क्रीन फोन नव्हते, माउस होता. लाखो वेबसाइट्स फक्त ‘क्लिक’ ओळखत होत्या. त्या फोनवर बंद पडू नयेत म्हणून ब्राउझर बोट उचलल्यावर माउसचं नाटक करतो. टचएंड झालं की पाठोपाठ माउसमूव्ह, माउसडाउन, माउसअप आणि शेवटी क्लिक. म्हणजे तुम्ही एकदाच बोट टेकवलंत, पण पेजला दोन भाषांत वर्दी गेली: आधी टचच्या भाषेत, मग माउसच्या.

बहुतेक गोंधळाचं मूळ इथेच आहे. एखाद्याने ‘पैसे भरा’ या बटणावर टचएंड आणि क्लिक दोन्हींना तोच कोड जोडला, ‘फोनसाठी हे, लॅपटॉपसाठी ते’ अशा विचाराने, तर फोनवर तो कोड दोनदा चालतो. वापरणाऱ्याने काहीच चूक केलेली नसते.

ते कुप्रसिद्ध ३०० मिलिसेकंद

मग लोक दोन्ही जोडायचेच का? त्यामागे इतिहास आहे.

२००७ मध्ये पहिला आयफोन आला, तेव्हा बहुतेक वेबसाइट्स डेस्कटॉपसाठी बनवलेल्या. त्याचा सफारी ब्राउझर पेज ९८० पिक्सेल रुंद आहे असं मानून ते छोट्याशा स्क्रीनवर आवळून दाखवायचा. अक्षरं मुंगीएवढी. म्हणून एक सोय दिली: दोनदा पटपट टॅप करा, तेवढा भाग मोठा होईल. सोय छान, पण ब्राउझरपुढे प्रश्न उभा राहिला. पहिला टॅप आला, आता हा साधा टॅप आहे की झूमच्या दोन टॅपमधला पहिला? कळायला एकच मार्ग, थांबून बघणं. तो साधारण ३०० मिलिसेकंद थांबायचा आणि मगच क्लिक पाठवायचा. बाकीच्या मोबाइल ब्राउझरांनीही तेच उचललं.

३०० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा एक तृतीयांशही नाही. पण बोटाला ते जाणवतं. बटण ‘जड’ वाटतं, माणूस पुन्हा दाबतो. म्हणून डेव्हलपर क्लिक सोडून टचएंडच्या मागे लागले. फायनान्शियल टाइम्सच्या लॅबने ‘फास्टक्लिक’ नावाची लायब्ररी काढली, जी टचएंडवरच स्वतः क्लिक घडवून आणायची. त्या काळी ती जिकडेतिकडे वापरली जायची.

आता ती गरज उरलेली नाही. पेजच्या व्ह्यूपोर्ट मेटा टॅगमध्ये रुंदी ‘डिव्हाइस-विड्थ’ सांगितली की पेज मोबाइलसाठीच बनवलंय हे ब्राउझरला कळतं. अशा पेजवर अँड्रॉइडच्या क्रोम ३२ ने २०१४ मध्ये ही वाट बघणं बंद केलं, आणि आयफोनच्या सफारीने २०१६ मध्ये, आयओएस ९.३ पासून. शिवाय बटणाला सीएसएसमध्ये ‘टच-अ‍ॅक्शन: मॅनिप्युलेशन’ लिहिलं की ‘इथे स्क्रोल आणि चिमटीने झूम चालेल, दोन टॅपचं झूम नको’ असा अर्थ होतो.

पण जुने ट्युटोरियल आणि कॉपी-पेस्ट कोड अजून फिरतायत. कोणी २०१२ चा उपाय सांगत असेल तर आधी विचारा, आजार अजून शिल्लक आहे का? आणि हो, या भानगडीत झूमच बंद करून टाकू नका. चष्मा घरी विसरलेल्या आजोबांना तो लागतो. सफारीने तर आयओएस १० पासून ‘झूम बंद’ ही सूचना ऐकणंच सोडून दिलंय.

भूत क्लिक

आता थोडं मजेशीर. आपल्या तिकिटाच्या साइटवर मध्येच जाहिरातीचा पॉपअप आला. त्याच्या ‘बंद करा’ फुलीवर डेव्हलपरने टचएंड लावलंय. तुम्ही फुली दाबली, टचएंडला पॉपअप गायब. पण माउसचं नाटक अजून बाकी आहे! ब्राउझर त्याच जागेवर क्लिक पाठवतो. आता त्या जागी फुली नाही, खालची सीट आहे, किंवा ‘रद्द करा’ हे बटण आहे. क्लिक त्यालाच लागतं. यालाच म्हणतात घोस्ट क्लिक.

उपाय दोन. सगळ्यात सोपा: फुलीवर साधं क्लिकच लावा. दुसरा, टचएंडमध्ये ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ म्हणा, म्हणजे ‘पुढचं नाटक नको’. पण गरज नसेल तर दुसऱ्या वाटेला जाऊच नका.

टॅप आहे की स्क्रोल?

सीटचा नकाशा वर-खाली सरकवायलाही बोट टेकवावंच लागतं. टेकल्याक्षणी, म्हणजे टचस्टार्टलाच, सीट निवडली तर नुसतं स्क्रोल करणाऱ्याच्या नावावर पाच सीट जमा होतील. क्लिकचा फायदा इथे कळतो. बोट ठरावीक अंतराहून जास्त सरकलं की ब्राउझर स्वतःच ठरवतो की हे स्क्रोल आहे, आणि क्लिक पाठवतच नाही. धक्क्यात बोट जरासं हललं तर ते चालवूनही घेतो. हा हिशोब तुम्ही हाताने लिहायला गेलात तर कुठेतरी चुकणारच.

दुसरा मुद्दा वेगाचा. टचमूव्हवर तुमचा कोड ऐकत बसला असेल, तर ब्राउझरला स्क्रोल करण्याआधी थांबावं लागतं, कारण तुमचा कोड ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ म्हणून स्क्रोल अडवेल की काय, हे त्याला माहीत नसतं. साध्या ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर प्रत्येक फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. कोड रेंगाळला की पेज अडखळत सरकतं, आणि स्वस्त फोनवर तर फारच. म्हणून ‘पॅसिव्ह’ हा पर्याय आला: ‘मी फक्त बघतोय, अडवणार नाही.’ २०१७ मध्ये क्रोम ५६ ने विंडो, डॉक्युमेंट आणि बॉडीवरचे टचस्टार्ट आणि टचमूव्ह न सांगताच पॅसिव्ह मानायला सुरुवात केली.

पॉइंटर इव्हेंट: बोट, माउस, पेन, सगळ्यांना एकच भाषा

क्लिकने भागत नाही अशीही कामं असतात: नकाशा ओढणं, सही करणं, चित्र काढणं, स्लायडर सरकवणं. त्यासाठी आज ‘पॉइंटर इव्हेंट’ वापरायचे. ही कल्पना मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर १० सोबत आणली. (हो, त्याच एक्सप्लोररने, ज्याच्यावर आपण सगळे विनोद करायचो.) २०१५ मध्ये ती डब्ल्यू-थ्री-सीची अधिकृत शिफारस झाली. क्रोममध्ये २०१६ ला आली, फायरफॉक्समध्ये २०१८ ला, आणि सफारीत सगळ्यात शेवटी, २०१९ ला.

यात पॉइंटरडाउन, पॉइंटरमूव्ह, पॉइंटरअप असतं. बोट असो, माउस असो की पेन, इव्हेंट तेच. कोण आहे ते ‘पॉइंटरटाइप’मध्ये कळतं. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा.

पहिली, ‘पॉइंटरकॅन्सल’ विसरू नका. ब्राउझरने स्क्रोल सुरू केलं की पॉइंटरअप येणारच नाही, कॅन्सल येईल. ते हाताळलं नाही तर तुमच्या कोडला वाटत राहतं की बोट अजून स्क्रीनवरच आहे. स्लायडर बोटाला चिकटल्यासारखा वागतो तो त्यामुळेच. आडवा स्लायडर असेल तर ‘टच-अ‍ॅक्शन: पॅन-वाय’ द्या, म्हणजे उभं स्क्रोल ब्राउझरचं, आडवी हालचाल तुमची. कामाची वाटणी आधीच झाली की भांडण नाही.

दुसरी, पॉइंटरडाउनला ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ म्हटलं तरी क्लिक थांबत नाही. मधले माउसचे इव्हेंट थांबतात, क्लिक येतंच. त्यामुळे पॉइंटरअप आणि क्लिक दोन्हीकडे तेच काम लावलंत तर पुन्हा दोनदा घडेल.

बोट उचलेपर्यंत माघारीची संधी

घाटकोपरला गर्दी आत घुसली, कोपर लागलं, अंगठा चुकून ‘पैसे भरा’वर टेकला. काय करता तुम्ही? तसाच अंगठा बाजूला सरकवता आणि मग उचलता. काहीच होत नाही. ही माघार क्लिकमध्ये आपोआप मिळते. टचस्टार्टवर काम लावलं तर ती हिरावली जाते. वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून जी डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्या २०१८ च्या आवृत्तीत हा नियम अगदी मूलभूत पातळीवर आहे: टेकल्याक्षणी काम उरकू नका.

बटणाच्या आकाराचंही तसंच. अ‍ॅपल ४४ पॉइंट सांगतं. अँड्रॉइड ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. डब्ल्यूसीएजीच्या २०२३ च्या आवृत्तीत किमान २४ पिक्सेल, किंवा आकार लहान असेल तर आजूबाजूला तेवढी मोकळी जागा. सीटचा चौकोन १४ पिक्सेलचा असेल तर लोकलमध्ये डी-७ च्या जागी डी-८ लागणारच. मग आधी नकाशा मोठा करू द्या, किंवा निवडलेली सीट खाली ठळक अक्षरांत दाखवा.

आणि बटण हे खरोखरचं ‘बटन’ एलिमेंट असू द्या, रंगवलेला डिव्ह नको. टॉकबॅक वापरणारे आपले दृष्टिहीन मित्र बटणावर जाऊन दोनदा टॅप करतात, तेव्हा ब्राउझरला ‘हे दाब’ असा आदेश जातो. त्यातून क्लिक येतं. टचस्टार्ट येईलच असं नाही. फक्त टचवर बांधलेलं बटण त्यांच्यासाठी मुकं राहू शकतं.

‘होवर’बद्दलही एक वाक्य: माउस वर नेल्यावर उघडणारा मेनू बोटाला कसा उघडायचा? आयफोनवर कधी कधी पहिला टॅप होवरमध्येच खर्च होतो आणि क्लिकसाठी दुसरा लागतो. म्हणून होवरच्या स्टाइल ‘होवर करता येतं’ अशा मीडिया क्वेरीतच ठेवा.

आता पैशांचं बोलू

इथपर्यंत कोड नीट आहे असं धरू. तरी माणूस स्वतःच दोनदा दाबू शकतो. का? कारण पहिल्यांदा दाबल्यावर काही हललं नाही. विक्रोळी ते भांडुप नेट गेलं, स्क्रीन थिजलेला. कोणीही पुन्हा दाबेल. त्यात त्याचा दोष नाही.

यूपीआयमध्ये पेमेंटला सहसा पिन लागतो, त्यामुळे नुसत्या दोन टॅपने खात्यातून सहसा दोनदा पैसे जात नाहीत. पण सर्व्हरवर दोन ऑर्डरी तयार होतात. पहिल्या ऑर्डरीने तुमच्या डी रांगेतल्या सीट अडवून ठेवल्या. दुसरी ऑर्डर त्याच सीट मागते, आणि साइट म्हणते, ‘या सीट दुसऱ्या कोणीतरी घेतल्या आहेत.’ तो दुसरा कोणीतरी म्हणजे तुम्हीच! मग घाईत वेगळ्या सीट घेता, पहिल्या ऑर्डरीची विनंतीही मंजूर करता, आणि रविवारी चार तिकिटं हातात.

इथे अजून एक फरक समजून घ्या. दुकानदाराला केलेलं यूपीआय पेमेंट खात्यातून गेलं, पण त्याच्याकडे पोचल्याची खात्री झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. पण हे अर्धवट राहिलेल्या व्यवहाराला लागू आहे. दोन्ही पेमेंट व्यवस्थित पूर्ण झाली तर बँकेच्या दृष्टीने त्या दोन खरेद्या आहेत. परतावा विकणाऱ्याच्या धोरणावर.

म्हणून डेव्हलपरची जबाबदारी तीन पायऱ्यांची.

एक, लगेच पोच द्या. दाबल्याबरोबर बटणाचा रंग बदलू दे, ‘थांबा, काम चालू आहे’ दिसू दे. उत्तर यायला वेळ लागो, पोच लगेच हवी. गुगलच्या आयएनपी या मोजमापात टॅपनंतर २०० मिलिसेकंदांच्या आत स्क्रीनवर काही बदललं तर चांगलं, ५०० च्या पुढे वाईट.

दोन, पहिल्या क्लिकलाच बटण निष्क्रिय करा. काही चुकलं तरच पुन्हा चालू करा.

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोनवर विश्वास टाकू नका. नेट तुटलं तर विनंती पुन्हा पाठवली जाते, माणूस मागे जाऊन पुन्हा पुढे येतो, तेव्हा निष्क्रिय बटण काही कामाचं नाही. वडापावच्या गाडीवर तुम्ही गर्दीत दोनदा ओरडलात, ‘दोन वडापाव!’ तर तो विचारतो, ‘मघाचेच दोन की अजून दोन?’ सर्व्हरनेही हेच विचारायला हवं. प्रत्येक ऑर्डरीला पेमेंटचं पान उघडतानाच एक वेगळा क्रमांक द्यायचा. विनंती कितीही वेळा आली तरी क्रमांक तोच. सर्व्हर बघतो: हा क्रमांक आधी आलाय? मग नवी ऑर्डर नाही, जुन्याचंच उत्तर. याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. नाव जड आहे, काम वडापाववाल्याचंच.

घरी करून बघा

शिकणाऱ्यांसाठी गृहपाठ. एक साधं पान बनवा, त्यावर एक बटण. पॉइंटरडाउन, टचस्टार्ट, टचएंड, माउसडाउन, क्लिक, सगळे इव्हेंट त्याच्यावर ऐका आणि आलेल्या क्रमाने स्क्रीनवर छापा. मग खऱ्या फोनवर उघडा. एकदा टॅप करा, एकदा दाबून सरकवा, एकदा दोन बोटं लावा, एकदा ओल्या बोटाने. लॅपटॉपच्या ब्राउझरमधला खोटा फोन इथे पुरा पडत नाही. त्याला घाम येत नाही आणि धक्केही लागत नाहीत.

एकच नियम लक्षात राहिला तरी पुरे: बटणाला क्लिक, ओढण्याला पॉइंटर इव्हेंट, आणि पैशाला सर्व्हरवरचा पहारा.

आणि तुम्ही नुसते वापरणारे असाल, तर पैसे भरताना स्क्रीन थिजला की पुन्हा दाबायच्या आधी बँकेचा मेसेज आणि साइटवरचं ‘माझ्या ऑर्डर’ बघा. दोन मिनिटं थांबायला लागलं तरी हरकत नाही. तेवढ्यात मुलुंड येईल.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या फोनवर बटण कधी विचित्र वागलं असेल तर मॉडेल आणि ब्राउझरचं नाव कळवा, जमलं तर पुढच्या भागात त्याचाच छडा लावू. भेटूया!